शिकारी पक्ष्यांची वहिवाट व आपला पोटखराबा

जमिनीचा उतारा वाचतां येणाऱ्या प्रत्येक खातेदारास पोटखराबा हा शब्द परिचयाचा आहे. सर्व्हे नंबराचें एकंदर क्षेत्र लिहून त्यांतून ओढा, दरड, खडक वगैरे लागवडीस निरुपयोगी भाग वजा टाकावयाचा आणि उरलेल्या क्षेत्रावर आकार बसवावयाचा, ही पद्धति आपल्याकडे दीडशें वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे. सरकारी हिशेबाच्या दृष्टीनें ती योग्यच आहे. ज्यांतून उत्पन्न नाहीं त्यावर सारा घेऊं नये हें न्यायाचें आहे. परंतु कागदावर ज्याचा आकार नाहीं त्याची किंमतही नाहीं, अशी समजूत हळूहळू आपल्या मनांत रुजली, आणि ती समजूत आज शेतीच्या मुळावर येत आहे, असें आमचें मत आहे. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून आयुष्याचा मोठा भाग हेच आंकडे उतरविण्यांत घालविला. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों.

ज्यांस आपण निरुपयोगी म्हणून वजा टाकतों त्या दरडी, खडकाळ माळ, ओढ्याकांठचीं जुनाट झाडें आणि गवताचे पट्टे यांच्याच आधारानें शिकारी पक्ष्यांचा संसार चालतो. आणि हेच पक्षी आपल्या पेरलेल्या क्षेत्रांत येऊन उंदीर, घुशी व नाकतोडे यांचा फडशा पाडतात. त्यांचें राहणें बिनआकारी जमिनीवर आणि काम आकारी जमिनीवर, असा हा व्यवहार आहे. यांतील पहिला भाग आपण मोडला तर दुसरा आपोआप बंद पडतो. त्यांतही मुख्य मुद्दा असा कीं, पक्ष्याच्या एका जोडीस लागणारें क्षेत्र एका खातेदाराच्या सातबाऱ्यांत मावत नाहीं. तें अनेकांच्या गटांवर, गायरानावर व ओढ्यावर मिळून पसरलेलें असतें. यास्तव हा प्रश्न एकेकट्या शेतकऱ्याच्या आवडीनिवडीचा नसून सबंध गांवाचा आहे, आणि तो गांवानेंच हातीं घेतला पाहिजे, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम हे पक्षी कोणते तें पाहूं. उभ्या पिकावर एका जागीं पंख फडफडवीत तरंगणारी आणि तेथूनच उंदरावर झेप टाकणारी, राखी-पांढऱ्या रंगाची कापशी घार बहुतेकांनीं पाहिली असेल. तारेवर किंवा बाभळीच्या शेंड्यावर स्वस्थ बसून नाकतोडे व सरडे टिपणारा तिसा, आमराईंतून झटकन् निघून जाणारा शिक्रा, सापांवर उपजीविका करणारा सापमार गरुड हे दिवसाचे शिकारी होत. थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून येणारे भोवत्ये गवताच्या अगदीं जवळून संथपणें फेऱ्या घालतांना दिसतात. सूर्य मावळल्यावर पहारा बदलतो. जुन्या वाड्यांत, विहिरींच्या कपारींत व झाडांच्या ढोलींत राहणारें गव्हाणी घुबड, आंब्याच्या ढोलींतला पिंगळा आणि दरडींत अंडीं घालणारें मोठें शृंगी घुबड हे रात्रीचे राखणदार. उंदीर व घुशी यांचा वावर मुख्यतः रात्रींच असल्यानें शेतकऱ्याच्या दृष्टीनें या रात्रीच्या पहाऱ्याचें महत्त्व अधिक आहे.

आतां क्षेत्राकडे वळूं. महसुली भाषेंत मालकी आणि वहिवाट या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें वाचकांस सांगावयास नकोच. प्राणिशास्त्रांतही असाच भेद केलेला आहे. विल्यम बर्ट या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९४३ सालीं तो स्पष्ट शब्दांत मांडला. प्राणी आपलें अन्न मिळविण्यासाठीं, जोडीदार शोधण्यासाठीं व पिलें वाढविण्यासाठीं नेहमीं ज्या क्षेत्रांत वावरतो तें त्याचें वावरक्षेत्र. आणि त्यांपैकीं जेवढा भाग तो आपल्या जातीच्या दुसऱ्यापासून राखतो तेवढी त्याची हद्द. वावरक्षेत्रास आम्ही वहिवाट म्हणूं व राखलेल्या हद्दीस मालकी. पुष्कळ शिकारी पक्षी घरट्याभोंवतालचा लहानसा भाग कसोशीनें राखतात; परंतु त्यांची वहिवाट त्याहून पुष्कळ मोठी असते, आणि शेजारच्या दोन जोड्यांच्या वहिवाटी एकमेकींवर चढलेल्याही असूं शकतात.

ही वहिवाट मोजण्याची रीत आमच्या जुन्या मोजणीदारांस चटकन समजेल अशी आहे. पक्ष्याच्या पाठीवर कांहीं ग्रॅम वजनाचें संदेश पाठविणारें यंत्र बांधतात. तो ज्या ज्या ठिकाणीं गेला ते बिंदू नकाशावर मांडतात, आणि सर्वांत बाहेरचे बिंदू सरळ रेषांनीं जोडून चतुःसीमा ठरवितात. त्यांतही बिंदू कोठें दाट व कोठें विरळ आहेत हें पाहिलें म्हणजे पक्षी खरोखर कोठें राबतो आणि कोठून नुसता जातो तें कळतें.

क्षेत्र किती मोठें, तें पक्ष्याच्या अंगलटीवर व अन्नाच्या सुबत्तेवर ठरतें. फिलिपाईन्सच्या जंगलांतील मोठ्या गरुडाच्या एका जोडीस हजारों एकर रान लागतें. उलट आपल्या पिंगळ्याचें चार झाडें व भोंवतालचीं शेतें एवढ्यावर भागतें. मलेशियांत ताडतेलाच्या मळ्यांत उंदीर फार. तेथील मळेवाले घुबडांसाठीं लांकडी पेट्या लावतात, व ५ ते १० हेक्टरांस, म्हणजे सुमारें १२ ते २५ एकरांस, एक पेटी असें प्रमाण सांगितलें जातें. अन्न मुबलक तेथें वहिवाट आंखडते. अन्न दूर दूर विखुरलेलें तेथें ती पसरते, नर-मादीचा वेळ उडण्यांतच जातो आणि पिलांच्या तोंडीं कमी घांस पडतात. कापशी घार तर उंदीर वाढले कीं येते, तेथेंच वीण करते आणि उंदीर सरले कीं निघून जाते. हंगामी मजुराप्रमाणें तिचें येणें-जाणें कामावर अवलंबून असतें. मात्र ती आली त्या दिवशीं तिला बसावयास व घरटें बांधावयास झाड मिळालें पाहिजे.

आतां हिशेब करून पाहूं. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील एका खातेदाराचें सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एखाद्या जोडीस अवघें एक चौरस किलोमीटर क्षेत्र लागतें असें धरलें तरी तें १०० हेक्टर, म्हणजे २४७ एकर झालें. आणि तेवढ्यांत सरासरीच्या हिशेबानें ७४-७५ खातेदारांची जमीन आली. यांपैकीं एकाच्या बांधावर घरट्याचें झाड असेल, दुसऱ्याच्या शेतांत टेहळणीचा खांब असेल, तिसऱ्याच्या हरभऱ्यांत उंदरांचीं बिळें असतील, आणि रात्रीं निजावयाचें गवत गांवच्या गायरानांत असेल. पहिल्यानें झाड तोडलें म्हणजे तिसऱ्याचा राखणदार गेला. परंतु तिसऱ्यास त्याचें कारण कधींच कळत नाहीं. तो उंदीर वाढले म्हणून दैवास दोष देतो व दुकानांतून विषाची पुडी आणतो.

हें नुसतें कल्पनेचें बोलणें नव्हे. शृंगी घुबडाचेंच उदाहरण घ्या. हा पक्षी घरटें बांधीत नाहीं. ओढ्याच्या दरडींत, जुन्या खाणींत किंवा कड्याच्या कपारींत उघड्या मातीवर अंडीं घालतो. पुण्याचे डॉ. सतीश पांडे व नीलेश डहाणूकर यांनीं त्याच्या आहाराचा अभ्यास करून २०११ सालीं प्रसिद्ध केला. घुबड जें पचत नाहीं तें हाडें-केंस गोळा करून तोंडावाटे टाकतें. असे गोळे फोडून त्यांतील हाडें ओळखण्याची ही रीत आहे. त्यावरून या पक्ष्याच्या खाण्यांत वजनानें सर्वांत मोठा वांटा उंदीर-घुशींचा, आणि त्यांतही शेतीचें नुकसान करणाऱ्या जातींचा असल्याचें आढळलें. राहण्याची जागा पोटखराब्यांत, शिकार मात्र उसांत व जोंधळ्यांत! आतां यंत्र लावून ती दरड सपाट केली तर शेतकऱ्यास चार गुंठे जमीन अधिक मिळेल, पण भोंवतालच्या अनेक एकरांवरचा पहारा उठेल. हा सौदा फायद्याचा कीं तोट्याचा, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

भोवत्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. कझाकस्तानकडील गवताळ प्रदेशांत वीण करून हे पक्षी हिंवाळ्यांत आपल्याकडे येतात. दिवसा ते शेतांवर व माळांवर एकेकटे विखुरतात, पण रात्रीं एकाच गवताच्या पट्ट्यांत जमिनीवर एकत्र निजतात. गुजराथेंत भावनगर जिल्ह्यांतील वेळावदरचें कुरण या निजण्यासाठीं जगप्रसिद्ध आहे. १९९० च्या दशकांत तेथें हजारोंच्या संख्येनें भोवत्ये मोजले गेले, व नाकतोडे हा त्यांच्या आहाराचा एक मोठा भाग असल्याचें दिसून आलें. पुढें ही संख्या बरीच घटली. आपल्या दख्खनच्या माळांवरही ते येतात. जेथें गवत पेटवून दिलें जातें, माळ नांगरला जातो किंवा ‘पडीक जमीन’ म्हणून त्यावर दाट झाडी लावली जाते, तेथें त्यांची निजण्याची जागा जाते. आणि भोंवतालीं शेतें कितीही असलीं तरी निजावयास जागा नसलेला पाहुणा मुक्काम करीत नाहीं. गवताळ माळ हें बिघडलेलें जंगल नव्हे. तें आपल्या परीनें पूर्ण असें रान आहे, आणि त्यावर झाडें नाहींत हा त्याचा दोष नव्हे.

सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या पठारावर झालेली पाहणीही येथें सांगण्यासारखी आहे. पठारावर पवनचक्क्या असलेला भाग व नसलेला भाग यांची तुलना करून मारिया ठाकर व त्यांचे सहकारी यांनीं २०१८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पवनचक्क्यांच्या भागांत शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी दिसले, आणि तेथें सरड्यांची संख्या वाढलेली होती. वीज आपणांसही हवीच आहे. पवनचक्क्या नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वरचा शिकारी हटला कीं खालची प्रजा वाढते, हें त्यावरून डोळ्यांपुढें आलें. चाळकेवाडीस ते सरडे होते. आपल्या शेतांत ते उंदीर असतील.

वहिवाट मोठी असण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. जो पक्षी पंचाहत्तर जणांच्या जमिनीवर जेवतो त्यास त्या पंचाहत्तरांपैकीं कोणा एकाचेंही विष पुरतें. ब्रोमॅडिओलोनसारखें रक्त गोठूं न देणारें विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाहीं. तो कांहीं दिवस मंदावलेला, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या तावडींत सर्वांआधीं सांपडतो. त्याच्या यकृतांत राहिलेलें विष मग घुबडाच्या पोटांत सांचत जातें. उंदराची मादी वर्षांतून अनेकदां विते. सापमार गरुडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते. दोघांवर सारखेंच विष पडलें तर आधीं कोण सांवरेल, हें सांगण्यास विद्वान नकोत.

गिधाडांचें उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखत घडलें. गिधाड एका दिवसांत अनेक गांवांवरून फिरतें. ढोरांस दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांत राहून गिधाडांचे मूत्रपिंड निकामी करतें, हें २००४ सालीं सिद्ध झालें. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें भारतांत दर हजारीं एक एवढींच उरलीं. गणितानें असें दिसलें कीं, शेंकडा एकाहूनही कमी मढीं या औषधानें दूषित असलीं तरी एवढा नाश होण्यास तीं पुरेशीं होतीं. म्हणजे नव्व्याण्णव शेतकरी निर्दोष असूनही एकाच्या अजाणतेपणानें सर्वांचीं गिधाडें गेलीं. सरकारनें २००६ सालीं जनावरांसाठीं हें औषध बंद केलें, आणि २०२३ सालीं किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफिनॅक यांवरही तशीच बंदी घातली.

परदेशांतही हेंच घडलें आहे. उत्तर अमेरिकेंत वीण करणारा स्वेन्सनचा बाज थंडीसाठीं दूर अर्जेंटिनाच्या सपाट शेतांत जातो. तेथें नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारल्यामुळें १९९५-९६ च्या एका हंगामांत सुमारें वीस हजार बाज मेले असा अंदाज आहे. नाकतोडे खाऊन शेतकऱ्याचें काम करावयास आलेलेच ते पक्षी होते. पक्ष्यांच्या पाठीवरील यंत्रांमुळें त्यांच्या वहिवाटीचा माग लागला, म्हणून हा प्रकार उघडकीस तरी आला. हेंच मोनोक्रोटोफॉस आपल्याकडेही वर्षानुवर्षें सर्रास वापरलें जात होतें. ३६ टक्के द्रावणाचें तें औषध बंद करण्याचा हुकूम २०२३ सालीं निघाला.

या आमच्या म्हणण्यावर कांहीं आक्षेप येतील, ते आम्ही जाणून आहों. शिक्रा व घार कोंबडीचीं पिलें उचलतात, हें खरें आहे. परंतु पिलें लहान असतांना खुराड्यावर जाळी टाकली म्हणजे तें नुकसान टळतें. त्यासाठीं सर्वच शिकारी पक्ष्यांस वैरी ठरविणें रास्त नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, पक्षी असले तरी उंदीर नाहींसे होत नाहींत. तेंही खरें आहे. पक्षी उंदरांचा निर्वंश करणार नाहींत. तसें झालें तर त्यांनाच उपाशी मरावें लागेल. ते उंदरांची वाढ आटोक्यांत ठेवण्यास हातभार लावतात, व तोही बारमाही आणि बिनखर्चाचा. बाकीचें काम बिळें खणून, सांपळे लावून व बांध स्वच्छ ठेवून आपणच करावयाचें आहे. तिसरा आक्षेप बांधावरील झाडाच्या सावलीचा. सावलीखालीं पीक थोडें कमी येतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण प्रत्येक बांधावर झाड असावें असा आमचा आग्रह नसून, जें जुनें व ढोलीचें झाड आज उभें आहे तें पाडूं नये एवढीच विनंति आहे. तें एकदां गेलें म्हणजे तशी ढोली पुन्हां तयार होण्यास एक पिढी लागते. राहतां राहिली घुबड अशुभ असल्याची समजूत. लक्ष्मीचें वाहन म्हणून ज्याचें चित्र पुजावयाचें त्यासच दारावरून हांकलावयाचें, हा विचार आमच्या बुद्धीस पटत नाहीं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घुबड मारणें किंवा पकडणें हा गुन्हा आहे.

तर मग करावयाचें काय? आमच्या मतें प्रत्येक गांवानें आपल्या शिवारांतील घरट्यांचीं झाडें, ढोली, दरडी व निजण्याचीं गवताळ रानें यांची एकदां नीट पाहणी करावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें गांवच्या समितीनें लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पुष्कळ ठिकाणीं ती कपाटांत पडून आहे. तींत या जागा गट नंबरासह उतरवाव्या. जी गोष्ट दप्तरांत नाहीं ती वाचविणें कठीण जातें, हा आमचा नोकरींतील अनुभव आहे. गायरानांतील गवत सरसकट पेटवूं नये. कांहीं पट्टा तरी भोवत्ये परत जाईपर्यंत, म्हणजे चैत्र लागेपर्यंत, उभा ठेवावा. ज्या शेतांत उंच झाड नाहीं तेथें पिकाच्या वर येईल असा खांब रोवून त्यावर आडवी काठी ठोकावी. शिकारी पक्ष्यास तेवढी बैठक पुरते. गोठ्याच्या आढ्याशीं किंवा मोठ्या झाडावर घुबडासाठीं लांकडी पेटी लावून पाहावी. उंदरांच्या विषाचा उपयोग करणें भागच पडलें तर तें बिळांतच घालावें, उघड्यावर पसरूं नये, आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावे. जनावरांस बंदी असलेलीं औषधें देणाऱ्यास गोठ्यांत पाऊल ठेवूं देऊं नये.

यांतील एकही गोष्ट फार खर्चाची नाहीं. मात्र एकट्यानें करून तिचा उपयोग थोडा. सर्व गांवानें मिळून ठरविलें तर काय होतें, याचें उदाहरण नागालँडांतील पंगती गांवानें घालून दिलें आहे. तेथील दोयांग धरणाच्या कांठीं उतरणारे अमूर ससाणे २०१२ सालापर्यंत जाळ्यांत धरून फार मोठ्या संख्येनें मारले जात. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून शिकार बंद केली, आणि २०१३ सालीं तेथें एकही ससाणा मारला गेला नाहीं. त्याच वर्षीं तेथील तीन पक्ष्यांस यंत्रें बांधण्यांत आलीं, आणि ते भारत ओलांडून व अरबी समुद्र पार करून आफ्रिकेच्या दक्षिण भागांत पोंचल्याचें दिसलें. एवढ्या मोठ्या वहिवाटीचा एक तुकडा आपल्या गांवाच्या हातीं आहे हें ओळखून त्या लोकांनीं आपल्यापुरती जबाबदारी पार पाडली. त्यांस ससाण्यांच्या मांसाचें उत्पन्न सोडावें लागलें. आपणांस तर कांहीं सोडावयाचें नसून उलट पीक राखावयाचें आहे.

आपल्या संघाच्या सभासदांनीं पुढील ग्रामसभेंत हा विषय अवश्य काढावा आणि शिवारांतील अशा जागांची पाहणी रब्बीची पेरणी उरकतांच हातीं घ्यावी, अशी आमची सर्वांस कळकळीची विनंति आहे. त्या सुमारास भोवत्ये आलेले असतात, आणि उंदीरही नव्या पिकाकडे वळलेले असतात. दोघांचीं ठिकाणें तेव्हां एकाच फेरीत नजरेस पडतील.